रुद्रभूमीचं सुशोभीकरण

हलकूरच्या वाणी गल्लीत कुणाचं किती वजन, हे महांतप्पाला तराजू न लावता कळायचं. सरकी-पेंडीच्या दुकानात उभा जन्म गेलेला माणूस. गिऱ्हाईक पायरी चढतानाच हा रोखीचा की उधारीचा, आणि उधारीचा असला तर सुगीला देणारा की सुगीला तोंड चुकवणारा, हे तो मनात ठरवून टाकायचा. बहुतेक वेळा बरोबर ठरायचं. चुकलंच तर चूक तो गिऱ्हाइकाच्या नावावर टाकायचा.

म्हणून नगरसेवक कृष्णराज एका बांधकाम कंपनीच्या इंजिनिअर मॅडमना घेऊन त्याच्या दुकानाची पायरी चढला, तेव्हा महांतप्पानं आधी चहा सांगितला आणि मग विषय विचारला. कृष्णराज म्हणजे वरच्या आळीचा बागायतदार. वाणी गल्लीत तो मतं मागायला यायचा किंवा लग्नाला. मतांना अवकाश होता आणि गल्लीत लग्न नव्हतं. म्हणजे काहीतरी देणं-घेणं होतं.

देणं-घेणं रुद्रभूमीचं निघालं.

लिंगायत वाण्यांची रुद्रभूमी, म्हणजे मेलेल्याला बसवून पुरतात ती जागा, पूर्वी गावाबाहेर होती. बाभळी, काटे, घाणेरी, मधून एक ओहोळ. मेलेल्या माणसाला बसवून ठेवायला जेवढी शांतता लागते तेवढी तिथं होती. मग नळदुर्गाकडून येणारा हायवे चौपदरी झाला, बायपास निघाला आणि तो नेमका रुद्रभूमीच्या कडेनं गेला. ज्या जागेकडं जित्या माणसानं कधी ढुंकून बघितलं नव्हतं, ती एका वर्षात गावातली सगळ्यात चढ्या भावाची जागा झाली. हयातभर बोळात दुकान लावून मेलेल्या वाण्यांना मेल्यावर हायवेचं तोंड मिळालं.

कृष्णराजनं मांडलं ते असं. जागा नगरपंचायतीची, पण नगरपंचायतीकडं पैसा नाही. कंपनीकडं पैसा आहे, पण जागा नाही. दोघांनी भागीदारी करायची. कंपनी आतल्या बाजूला कंपाउंड, कमान, शेड, दिवे, पाण्याची टाकी, सगळीकडं पेव्हर ब्लॉक असं सुशोभीकरण करून देणार, आणि बदल्यात रस्त्याकडच्या पट्ट्यात गाळे बांधून तीस वर्षं त्यांचं भाडं खाणार. समाजाच्या पंच कमिटीची सहमती लागते. ती मिळाली, तर कमिटीवरच्यांना गाळे सवलतीत. महांतप्पा कमिटीचा अध्यक्ष, त्यामुळं कमानीला लागून असलेला एक नंबर त्याचा.

मॅडमचं नाव राजेश्वरी. वय तिशीच्या आतलं, लातूरकडच्या, बोलायला सरळ. त्यांनी नकाशा पेंडीच्या पोत्यावर पसरला आणि कुठं काय होणार ते दाखवलं. महांतप्पानं नकाशा बघितला, एक नंबरचा गाळा बघितला आणि म्हणाला, समाजाला विचारून सांगतो. समाजाला काय विचारायचं आणि समाज काय म्हणणार, हे त्याच्या मनात तोवर ठरून गेलं होतं.

*

घरी शिवम्मा खाटेवर होती. तिच्या किडन्या गेल्याला वर्ष होत आलं होतं. आठवड्यातून दोनदा सोलापूरला रक्त धुवायला न्यायचं आणि आणायचं. येताना ती गाडीत डोळे मिटून पडायची, आणि तामलवाडीचा टोलनाका गेला की न चुकता एकच विचारायची, आज सोमवार हाय का.

सोमवार हा तिचा आणि सोमेशचा वार. सोमेश त्यांचा मुलगा. दहाव्या वर्षी तापानं गेला, त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्याला रुद्रभूमीत बसवल्यापासून शिवम्मा दर सोमवारी बेलाची पानं घेऊन जायची. महांतप्पा वर्षातून एकदा, सोमेशच्या तिथीला, तिच्या मागोमाग जायचा. ती काटे चुकवत पुढं, तो धोतर सावरत मागं. ती थांबली की तो थांबायचा. ती वाकली की तो हात जोडायचा.

मोठ्या घरच्या मेलेल्यांच्या समाध्या दगडी होत्या, वर नंदी, पुढं नाव. सोमेशच्या जागेवर ओहोळातला एक धोंडा होता, तेवढाच. त्या वर्षी दुकानाला ओढाताण होती. पुढच्या वर्षी समाधी बांधू, असं महांतप्पा म्हणाला होता. त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी शिवरंजनीच्या शाळेचं निघालं, मग वरचा मजला, मग तिचं लग्न. ज्या खर्चासाठी कुणी दारात उभं राहत नाही तो खर्च महांतप्पाच्या हातून नेहमी मागं पडायचा. त्यात वाईट हेतू नव्हता, धंद्याची सवय होती.

गेल्या श्रावणात शिवम्मानं त्याचा हात धरून एकच मागितलं होतं.

"मला लेकराच्या बाजूला बसवा. दुसरीकडं न्हाय."

"बसवतो," महांतप्पा म्हणाला होता. मग लगेच, "आत्ताच कशाला त्ये?"

त्यावर ती हसली होती. किडन्या गेलेल्या माणसाच्या हसण्यालाही सूज असते.

*

समाजाची बैठक मठात भरली. सतरंजीवर गल्लीतले सगळे कर्ते पुरुष, भिंतीला टेकून मठाचे पुरोहित अय्या, समोर खुर्चीवर कृष्णराज आणि राजेश्वरी मॅडम. बायका नव्हत्या. बायका असत्या तर काय झालं असतं, हा हिशेब पुढं महांतप्पानं बऱ्याचदा करून बघितला.

मॅडमनी नकाशा भिंतीवर लावला. दगडी समाध्यांना धक्का लागणार नाही, त्यांच्याभोवती फरशी बसेल. बाकीची जागा सपाट करून काँक्रीट, वर ब्लॉक. पावसाळ्यात चिखल नाही, साप-विंचू नाही. मधे शेड, शेडमध्ये सिमेंटचा ओटा. लोक माना डोलवत होते. गल्लीनं आजवर विमानं खांद्यावर घेऊन त्या चिखलात पाय रुतवले होते. मेलेल्याला बसवून नेतात ती सजवलेली पालखी म्हणजे विमान, आणि ते घेऊन काट्यातून जाताना बंडप्पाचा बाप एकदा विमानासकट पडायचा राहिला होता. ती गोष्ट कुणीतरी काढली. हशा झाला.

मग मॅडमनी वही उघडली आणि विचारलं, "एक माहिती हवी होती. वर्षाला साधारण किती..."

सतरंजीवरचा हशा तिथंच थांबला.

वाणी गल्लीची एक रीत आहे. घरात आजारी माणूस असलं, तर त्या घरच्या माणसापुढं खड्ड्याचं नाव काढायचं नाही. रीत इतकी कडक की शेजारी दुखणेकरी असताना संडासाचा शोषखड्डासुद्धा लोक पुढं ढकलतात, आणि अगदीच खोळंबा झाला तर त्याला पाया म्हणतात. कुणासाठी खणायलाव, असा प्रश्न हवेत उभा राहू नये, एवढ्यासाठी.

आणि त्या बैठकीत पहिल्या रांगेत महांतप्पा बसला होता. त्याच्या घरात काय होतं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

सगळे सतरंजीचे धागे मोजायला लागले. अय्यांनी डोळे मिटले. भांड्यांचा व्यापारी बंडप्पा, कमिटीचा सचिव आणि गाळा नंबर दोनचा धनी, महांतप्पाकडं एकदा बघून मॅडमना हळू आवाजात म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ द्या मॅडम. आत्ता नगं."

"नाही, म्हणजे नकाशात तेवढी जागा मोकळी..."

"ऱ्हाऊ द्या म्हणलं ना. तुमी करायलाव त्ये बरोबरच हाय."

मॅडम लातूरकडच्या असल्या तरी लिंगायत नव्हत्या, त्यांच्याकडं माणसाला जाळतात. त्यांच्या आधीच्या सगळ्या कामांत स्मशान म्हणजे शेड आणि ओटा. त्यांनी वहीत काहीतरी खोडलं आणि ती मिटली.

महांतप्पाच्या मनात त्या घटकेला दोन गोष्टी होत्या. एक, गल्लीनं आपला आब राखला, ह्याचं त्याला बरं वाटलं. बंडप्पासारखा चिंगूस माणूससुद्धा वेळेला शब्द जपून खर्च करतो. आणि दुसरी गोष्ट पहिलीच्या खाली, पोत्याच्या तळाला असते तशी. आतली जागा समाध्यांनी आधीच भरलेली. खड्ड्यांसाठी मोकळी जागा ठेवायची तर शेड पुढं सरकणार. शेड पुढं सरकली तर गाळ्यांचा पट्टा आखडणार, आणि आखडला तर कमानीच्या बाजूनं आखडणार. कमानीला लागून एक नंबर.

म्हणजे त्याला कळलं होतं. पूर्ण नाही, निम्मं. निम्मं कळलं की माणूस उरलेलं निम्मं विचारत नाही, विशेषतः न विचारण्यात चार पैसे सुटत असले तर. लोक त्याच्या दुःखाला मान देऊन गप्प होते. तो त्या मानाच्या आडोशाला बसून राहिला.

ठराव एकमतानं झाला. पहिली सही महांतप्पाची.

*

काम झपाट्यानं झालं. सरकारी काम रखडतं आणि खाजगी काम पळतं. भागीदारीत गाळे पळाले आणि दिवे रखडले, पण एकूण काम झालं. जेसीबीनं बाभळी उपटल्या, ओहोळ बुजवला, चढ तासून उतारात भरला. शिवम्माला खाटेवरून जेसीबीचा आवाज ऐकू यायचा.

"सोमेशच्या धोंड्याला हात न्हाय ना लावला?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"तुमी बघून आलाव?"

"बघून आलो की."

बघायला तो गेला होता हे खरं. एक नंबरच्या गाळ्याच्या शटरला कुठला रंग देतात ते बघायला गेला होता. मागं आत धूळ होती आणि ट्रक उभे होते. आत जाऊन शोधायचं त्याच्या मनात आलं, पण शोधून सापडलं नाही तर घरी काय सांगायचं, हेही पाठोपाठ मनात आलं. न बघता सांगितलेलं खोटं बघून सांगितलेल्यापेक्षा हलकं पडतं, असा त्यानं हिशेब केला.

लोकार्पणाची तारीख ठरली. हायवेवर बोर्ड लागले. त्यावर नगरपंचायतीचं नाव, कंपनीचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात सौजन्य म्हणून समाजाचं नाव. महांतप्पाचा शाल-नारळ देऊन सत्कार होणार होता.

लोकार्पणाच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, शिवम्मा गेली. सोलापूरला न्यायला गाडी दारात उभी होती. महांतप्पा तिला उठवायला गेला आणि त्याला वजनावरून कळलं.

*

लिंगायताचं मेलेलं माणूस आडवं ठेवत नाहीत. शरीर ताठायच्या आत बायकांनी शिवम्माला न्हाऊ घातलं, कपाळभर विभूती लावली, मांडी घालून भिंतीशी बसवलं, मान ढळू नये म्हणून मागं खुंटीला पदर बांधला आणि डाव्या तळहातावर तिच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाकडं ती बघत बसल्यासारखी दिसत होती. तिचा माहेरचा भाऊ नंदीश हद्दीपलीकडं, कर्नाटकात आळंदच्या बाजूला राहत होता. त्याला फोन गेला. शिवरंजनी सोलापूरहून निघाली. अय्या आले. विमानाला केळीचे खुंट आले. सगळं आलं.

मग अय्यांनी ते विचारलं जे विचारायची पाळी आता आली होती. जागा कुठं काढायची?

महांतप्पानं कृष्णराजला फोन लावला. कृष्णराजला मनापासून वाईट वाटलं. वहिनींच्या हातचे कडबू त्यानं खाल्ले होते, त्याची त्यानं आठवण काढली. मग म्हणाला की अण्णा, जागा नगरपंचायतीची असली तरी काम अजून ताब्यात आलेलं नाही. लोकार्पणापर्यंत ते कंपनीचं. तिथली एक फरशी उचलायची तर कंपनीनं हो म्हणायला पाहिजे. कंपनी म्हणाली तर आमची कशाला हरकत असेल.

मग त्यानं राजेश्वरी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या की काका, ब्लॉकखाली सगळीकडं काँक्रीट आहे. ते फोडायचं तर मशीन लागेल आणि वरिष्ठांची परवानगी लागेल, आणि वरिष्ठ म्हणणार की जागेचे मालक आम्ही नाही, नगरपंचायतीचं पत्र आणा. त्या घाबरल्या होत्या. "मी त्या दिवशी विचारत होते काका," त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही." आणि मग, फार जपून, "शेडमधला ओटा तयार आहे. लाकडं मी पाठवते."

महांतप्पानं फोन कानापासून दूर धरला. लिंगायताला जाळायचं. तेही बसवलेल्या शिवम्माच्या समोर उभं राहून ऐकायचं. पण बाईच्या बोलण्यात खोट नव्हती, हे त्याला कळत होतं. खोट असती तर भांडता आलं असतं.

नगरपंचायत कंपनीकडं बोट दाखवत होती आणि कंपनी नगरपंचायतीकडं. भागीदारीत नफा वाटून घेतात हे महांतप्पाला माहीत होतं. नाही म्हणायची जबाबदारीसुद्धा वाटून घेतात आणि मग ती कुणाच्याच अंगाला लागत नाही, हे त्यानं पहिल्यांदा बघितलं.

अंगणात गल्लीतली माणसं बसली होती. शक्य होतं. तरणीताठी पोरं होती, घराघरात पहारी होत्या, नळदुर्ग रोडला खडी फोडायचं मशीन भाड्यानं मिळत होतं. परवानगीच्या आईला कोण विचारतो म्हणून चारजण उठले असते तर संध्याकाळपर्यंत खड्डा झाला असता. महांतप्पानं एकेकाकडं बघितलं. सोळाजण ओळीनं बसलेले, नंबर दोनपासून नंबर सतरापर्यंत. काँक्रीट फुटलं तर काम अपुरं धरणार, लोकार्पण लांबणार, गाळ्यांचा ताबा लांबणार. कुणाचं तोंड दुष्ट नव्हतं. सगळ्यांची तोंडं दुकान बंद करताना असतात तशी होती, आत काहीतरी मोजत असलेली. त्याला ती तोंडं ओळखू आली कारण वर्षभर तसलंच तोंड त्याच्या स्वतःच्या आरशात होतं.

"अण्णा, तुमी म्हणाल तसं," बंडप्पा म्हणाला.

तुमी म्हणाल तसं, ह्याचा बाजारातला अर्थ महांतप्पाला शिकवायची गरज नव्हती. भाव तुम्हीच ठरवा आणि तोटा तुम्हीच सोसा.

"बघून येतो," तो म्हणाला.

*

तो एकटाच गेला, चालत, उन्हं कलायच्या आत. खांद्यावर दुकानातली पहार घेतली होती. रस्त्यात कुणी विचारलं नाही. कमानीतून आत शिरला आणि थांबला.

स्वच्छ होतं. तांबडे आणि करडे ब्लॉक, नक्षी एका ओळीत बसवलेली. दगडी समाध्या न्हाऊन-माखून बसलेल्या. बाकी सगळी जमीन एका पातळीत. चढ नव्हता, ओहोळ नव्हता. ओहोळ नव्हता म्हणजे धोंडा कुठून आणला तेही नव्हतं.

सोमेशची जागा सापडली तर फोडायचं, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. मग परवानगी गेली उडत. गाळा गेला तरी चालेल. पहिला घाव आपण घातला की मागून पोरं येतील. बंडप्पासुद्धा येईल, येऊन लांब उभा राहील पण येईल. फक्त जागा सापडली पाहिजे.

तो कमानीपासून निघाला. पूर्वी डावीकडं बाभळ लागायची. बाभळीनंतर किती? बाभळीनंतर ती वळायची. कुठं वळायची? त्यानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. त्याला शिवम्माचा पदर दिसला. हिरव्या काठाचा, काट्यात अडकू नये म्हणून खोचलेला. तिच्या टाचा दिसल्या. भेगा पडलेल्या, एकीत रुतलेलं कुसळ. हातातली बेलाची पानं. तीस वर्षं तो तिच्या मागून गेला होता आणि तीस वर्षांत त्यानं एकदाही वाट बघितली नव्हती. ती थांबायची म्हणून तो थांबायचा.

त्यानं एका ठिकाणी पहार घातली. ब्लॉक निघाला. खाली काँक्रीट. दुसऱ्या ठिकाणी घातली. तिथंही काँक्रीट, तसंच. इथं असेल का? कदाचित. तिथं असेल. तेही कदाचित. आणि जेसीबीनं चढ तासून माती भरावाला नेली होती, तर सोमेश इथं कुठं नसेलही. गाळ्यांच्या पायात असेल. एक नंबरच्या नसला तर पाच नंबरच्या.

जी बाई जागा दाखवू शकली असती ती घरी भिंतीला बांधून बसवली होती.

त्यानं काढलेले ब्लॉक परत जागेवर बसवले. नक्षी जुळवून बसवले. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

*

नंदीशनं फोनवर एका शब्दात सांगितलं, आणा. टेम्पोत खुर्ची बांधली, खुर्चीत शिवम्माला बसवलं, चारी बाजूंनी केळीचे खुंट. शिवरंजनी आईचे गुडघे धरून खाली बसली. रस्त्यानं तिनं एकदाच वडिलांना विचारलं.

"अप्पा, आईला तर सोमेशदादाच्या बाजूला ऱ्हायचं होतं ना?"

"जागेची अडचण झाली," महांतप्पा म्हणाला.

शिवम्माचं डोकं टेम्पोच्या हेलकाव्यानं हो-हो केल्यासारखं हलत होतं आणि शिवरंजनीनं ते एका हातानं धरून ठेवलं.

नंदीशच्या रानात खड्डा तयार होता. तुरीच्या कडेला, काळ्या मातीत, आत बसायला कोनाडा कोरलेला. मीठ, विभूतीचे गोळे, बेल, सगळं त्यानं आणून ठेवलं होतं. मेव्हण्याच्या पाया पडायची रीत त्यानं पाळली. मग उभा राहून म्हणाला,

"दाजी, नवी केली म्हणं तुमची रुद्रभूमी. लई चांगली झाली म्हणं."

महांतप्पानं विभूतीचा एक गोळा उचलून परत ठेवला.

"तिथं मेलेल्यांना परवडत न्हाय व्हय?"

हे त्यानं मोठ्यानं म्हटलं नाही. गल्लीतून आलेल्या आठ-दहाजणांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं. बंडप्पा तुरीच्या शेंगा बघू लागला.

अय्यांनी मंत्र म्हटले. शिवम्माला कोनाड्यात बसवलं. तिचं तोंड हलकूरच्या दिशेला नव्हतं. हलकूर कुठल्या दिशेला ते नंदीशच्या रानातून कुणाला सांगता आलं नसतं, मधे दोन राज्यांची हद्द होती. माती पडली.

*

सुतक लिंगायत पाळत नाहीत. बायकोला मातीआड करून चौथ्या दिवशी महांतप्पा मठातल्या बैठकीला हजर होता. लोकार्पण त्याच्याकडं बघून दोन दिवस पुढं ढकललं होतं. त्याच्या दुःखाला गल्लीनं पुन्हा मान दिला होता. आज गाळ्यांच्या चाव्या वाटायच्या होत्या. तीच सतरंजी, तीच माणसं, खुर्चीवर कृष्णराज, बाजूला राजेश्वरी मॅडम.

कृष्णराजनं वहिनींना श्रद्धांजली वाहिली. लोक उभे राहिले, बसले. मग त्यानं औपचारिक म्हणून विचारलं, कुणाची काही सूचना?

महांतप्पा उठला. तो ह्या एका वाक्यासाठी आला होता. रात्री अंथरुणात, सकाळी देवापुढं, दुकानात सरकी मापताना त्यानं ते म्हणून बघितलं होतं. आता गाळा आपला, चावी समोर, म्हणजे आपल्याला मागायचं काही उरलेलं नाही. आता आपलं बोलणं कुणी भावात धरणार नाही.

"पुढचा खड्डा कुठं काढायचा?" त्यानं विचारलं.

मॅडमनी ताबडतोब वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. त्या दिवशीच्या फोननंतर त्यांची झोप गेली होती, हे तोंडावर दिसत होतं. त्या म्हणाल्या की सांगा काका, मागच्या कोपऱ्यातलं काँक्रीट काढता येईल. शेवटचे दोन गाळे कमी करावे लागतील, पण मी वरिष्ठांशी बोलते. फक्त समाजानं लेखी मागितलं पाहिजे. वर्षाला किती जागा लागतात तेवढं आज सांगा.

महांतप्पानं सतरंजीकडं बघितलं.

कुणी वर बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा खाली होत्या, आणि खाली ठेवूनही त्या एकाच माणसाकडं होत्या. बंडप्पाच्या आईनं, गौराबाईनं, तीन दिवसांपूर्वी अन्न सोडलं होतं. बंडप्पाच्या घरात रात्रभर दिवा जळत होता. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. महांतप्पालाही होतं. स्वतःच्या दुःखात त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं, इतकंच.

बंडप्पाचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं मान वर केली.

"कुणासाठी इचारायलाव, अण्णा?"

आवाज चढलेला नव्हता. उलट जपून ठेवलेला होता, भरलेलं भांडं न्यावं तसा. अय्यांनी डोळे मिटले होते.

खरं उत्तर महांतप्पाच्या जिभेवर होतं. तुझ्या आईसाठी, बंडप्पा. ह्याच महिन्यात. आणि तुझ्या आईला आळंदला भाऊ नाही. ते बोललं की मॅडमच्या वहीत आकडा पडणार होता आणि मागचा कोपरा सुटणार होता. आणि मग आठ दिवसांत म्हातारी गेली, जाणारच होती, तर गल्ली जन्मभर म्हणणार होती की महांतप्पानं भर मठात तिचा खड्डा मागितला. बंडप्पा पुन्हा त्याची पायरी चढणार नव्हता. शेवटचे दोन गाळे ज्यांचे, तेही चढणार नव्हते. घरात आता बोलायला माणूस नव्हतं. दिवसभर बसायचं तर दुकानातच बसायचं, आणि दुकानात माणसं आली पाहिजेत.

त्यानं दोन्ही बाजू मापल्या. आयुष्यभर मापल्या तशाच.

"कुणासाठी न्हाय," तो म्हणाला. "सहज इचारलं."

सतरंजीवर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी चहाचं काय झालं ते विचारलं. कृष्णराजनं यादी उचलली आणि एक नंबर म्हणून महांतप्पाचं नाव पुकारलं. चावी घ्यायला पुढं जाताना तो बंडप्पाच्या अंगावरून गेला, आणि बंडप्पानं त्याला वाट करून द्यायला पाय आखडून घेतले.

मॅडम अजून पेन धरून त्याच्याकडं बघत होत्या. त्यानं त्यांच्याकडं बघायचं टाळलं. थोड्या वेळानं त्यांनी पेनाला टोपण लावलं.